मागच्या सीटचं माप

भोपाळहून पचमढीला जायला पिपरियापर्यंत रेल्वे आहे, थेट बस आहे, चार जण जमले तर भाड्याची गाडी आहे. एवढं सगळं असताना आम्ही दोघं डिसेंबरात स्कूटरने गेलो आणि चौथ्या दिवशी परत आलो. परत दोघंही स्कूटरवरूनच आलो, हे आधीच सांगून टाकतो, कारण त्याची खात्री शेवटच्या सकाळपर्यंत मलाही नव्हती.

माझी स्कूटर मधल्या आकाराची. भाजी आणायला नेतात तेवढी लहान नाही आणि परदेशातले लोक सोफ्यावर बसल्यासारखे चालवतात तेवढी मोठीही नाही. निवृत्त झालो त्याच महिन्यात घेतली. माणसाने निवृत्तीनंतर काहीतरी छंद लावून घ्यावा असं सगळे सांगतात; मी लावून घेतल्यावर मात्र सगळ्यांनी सांगणं बंद केलं. माझ्या बायकोने, शुभदाने, शाहपुऱ्याच्या एका शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. त्यामुळे तिला फिरण्याची हौस माझ्यापेक्षा जास्त आहे. तिची तक्रार फिरण्याबद्दल नव्हतीच, बसण्याबद्दल होती. गेल्या वर्षी आम्ही स्कूटरने सांचीला जाऊन आलो आणि त्यानंतर तीन आठवडे तिचं माकडहाड दुखत होतं. खुर्चीवर बसताना ती उशी शोधायची आणि उशी शोधताना माझ्याकडे बघायची.

शेवटी तिने करार केला. "पचमढीपर्यंत येते," ती म्हणाली. "तिथून येताना मी स्कूटरवर बसले तर स्कूटर ठेवा. बसमध्ये बसले तर घरी आल्यावर विकायची. मग त्यावर बोलणं नाही."

मी लगेच हो म्हटलं. सोय करायला माझ्या हातात जवळजवळ वर्ष होतं.

त्या वर्षात मी काय काय केलं ते थोडक्यात सांगतो, कारण सविस्तर ऐकणारे आमच्या कॉलनीत आता कुणी उरलेले नाहीत. आधी समोरची काच बदलून छातीपर्यंत येणारी उंच काच लावली. मनगटं अवघडू नयेत म्हणून हँडल दोन बोटं वर उचलून घेतलं. त्यात हॉर्नची वायर ताणली गेली आणि हँडल पूर्ण उजवीकडे वळवलं की हॉर्न आपोआप वाजायला लागला, पण माणूस पूर्ण उजवीकडे वळतो कितीदा, असा विचार करून ते तसंच ठेवलं. शॉकॲब्सॉर्बर बदलले. मागच्या सीटला पाठ टेकायला गादी लावली, तिला दोन्ही बाजूंनी हात टेकायला दांडे केले. डाव्या अंगाला शुभदाची बॅग ठेवायला एक छान काळी पेटी बसवली. पेटीला जागा व्हावी म्हणून तिथलं साडीगार्ड आणि त्याखालचं पाय ठेवायचं रुंद पायदान काढलं आणि माळ्यावर टाकलं.

सीटचं काम जुन्या शहरातल्या शकीलभाईंकडे दिलं. भोपाळमध्ये सीट शिवणारे पुष्कळ आहेत, पण शकीलभाई फोम कापण्याआधी नमकवाली चाय पाजतात. खारट चहा ही आमच्या शहराची खासियत. पुण्याच्या पाहुण्यांना तो पाजला की ते पुढचे दोन दिवस पाणीसुद्धा वास घेऊन पितात. मी पेला संपवेपर्यंत शकीलभाई स्कूटरभोवती फिरून आले.

"को खां, पीछे बैठेगा कौन?" त्यांनी खास भोपाळी हाक देत विचारलं.

मिसेस बसेल, असं मी सांगितलं.

"तो उनको लाओ न, मियां. नाप तो उन्हीं का लगेगा."

मी म्हटलं, सांचीपासून ती स्कूटरवर बसलेली नाही, तिला अचानक दाखवायचं आहे. शिवाय तिची माझी उंची जवळपास सारखीच. तेव्हा मीच मागच्या सीटवर चढून, दोन्हीकडे पाय सोडून, ताठ बसलो आणि माप दिलं. शकीलभाईंनी टेप लावली, खडूने खुणा केल्या आणि मान हलवत म्हणाले, "अजीब बात है. आगे भी आप बैठोगे, पीछे भी आप."

मला वाटलं, कौतुक करतायत.

कोटरा सुल्तानाबाद

निघायच्या दिवशी सकाळी साडेसहाला मी आमच्या कोटऱ्याच्या घराच्या फाटकाबाहेर स्कूटर काढली. वळवताना हॉर्न वाजला आणि शेजारचे मिश्राजी दात घासत बाहेर आले. मागोमाग शुभदा आली. सुती साडी, त्यावर स्वेटर, कानाला मफलर. ती स्कूटरजवळ येऊन थांबली. पाठीच्या गादीकडे बघितलं, दांड्यांकडे बघितलं, पेटीकडे बघितलं.

"पाय कुठे ठेवू?" तिने विचारलं.

आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली. तेवढ्या काळात स्कूटर चार झाल्या, पण तिची बसायची पद्धत एकच: दोन्ही पाय डावीकडे, मांडीवर पिशवी, उजवा हात माझ्या खांद्यावर. तो हात मी चौतीस वर्षं खांद्यावर वागवला आणि तो नेमका कसा बसलेल्या माणसाचा आहे हे वर्षभरात एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. तिच्यासाठी जे जे केलं होतं ते सगळं तिच्या वाटेत येत होतं. दांडे ओलांडून एका बाजूने बसता येत नव्हतं, आणि बसता आलं असतं तरी पाय ठेवायच्या जागी माझी छान काळी पेटी होती.

मिश्राजींनी ब्रश तोंडातून काढला आणि स्कूटरला एक प्रदक्षिणा घातली. "भाईसाब, भाभीजी बैठेंगी किधर से?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

 शुभदाने कुलूप उघडलं, आत गेली आणि दहा मिनिटांनी लेकीचा जुना सलवार-कुर्ता घालून बाहेर आली. आयुष्यात पहिल्यांदा दोन्हीकडे पाय टाकून बसली. मला वाटलं, जमलं. फाटकातून वळलो तेव्हा पुन्हा हॉर्न वाजला आणि मिश्राजींनी निरोपाचा समजून हात हलवला.

होशंगाबादपर्यंत

मंडीदीपला सकाळच्या पाळीची गर्दी होती. कारखान्यांच्या बसेस, सायकली, डबे लटकवलेल्या मोटरसायकली. त्यातून बाहेर पडलो आणि ओबेदुल्लागंजला पोह्यांसाठी थांबलो. पोहे हा आमच्या घरातला जुना वाद आहे. माझे वडील सरकारी फायलींबरोबर नागपूरहून भोपाळला आले आणि येताना पोह्यांवरच्या झणझणीत तर्रीची आठवण घेऊन आले. शुभदाचं माहेर इंदूरचं. तिच्या मते पोह्यांवर शेव आणि बाजूला जिलबी नसेल तर ते पोहे म्हणजे आजाऱ्याचं जेवण. भोपाळच्या आसपास सगळं सरकार इंदूरचं चालतं, त्यामुळे मी निमूटपणे जिलबी खातो. त्या दिवशी तिने जिलबी अर्धी टाकली. मी लक्ष दिलं नाही, कारण मी नव्या शॉकॲब्सॉर्बरबद्दल बोलत होतो.

पुढे बरखेड्याचा घाट लागतो, सागाचं जंगल लागतं, मग बुधनी आणि मग नर्मदेवरचा पूल. मला स्वतःला फार आराम वाटला. वारा छातीला लागत नव्हता, मनगटं मोकळी होती. काच जरा शीळ घालायची, त्यामुळे मागचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मागून बोलणं येतही नव्हतं, हे मला पुलावर लक्षात आलं.

होशंगाबादचं नाव आता नर्मदापुरम झालं आहे, पण चहावाले, बसवाले आणि आम्ही अजून होशंगाबादच म्हणतो. तिथे घाटाजवळ एका लॉजमध्ये उतरलो. संध्याकाळी सेठानी घाटाच्या पायऱ्या उतरताना शुभदा एकेक पायरी आडवी होऊन उतरत होती. सीट माझ्या मापाने रुंद केलेली. दिवसभर त्यावर पाय ताणून बसल्यामुळे तिच्या मांड्या भरून आल्या होत्या. आम्ही खालच्या पायरीवर बसलो. नदी शांत होती, पलीकडच्या काठावर धूर पसरला होता. मी विचारलं, आज काय काय पाहिलंस?

"तुमचं हेल्मेट," ती म्हणाली. "मागे एक ओरखडा आहे. जुना असावा."

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती नुसती सांगत होती. नकाशावर बोट ठेवून मुलांना नद्या शिकवणारी बाई, आणि मी तिला सत्तर-ऐंशी किलोमीटर माझं डोकं दाखवत आणलं होतं. मला फार लाज वाटली. आणि तितकीच भीतीही वाटली, कारण पचमढीचा बसस्टँड आता एकाच दिवसावर होता.

पिपरियाच्या रस्त्याने

सकाळी मी उठायच्या आत ती लॉजच्या मॅनेजरकडून मेकॅनिकचा पत्ता घेऊन आली होती. तिने साडी नेसली होती. मेकॅनिक म्हातारा होता आणि त्याला कारण सांगावं लागलं नाही. त्याने साडीकडे पाहिलं, स्कूटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि पाना काढला. पाठीची गादी, दांडे, पेटी, सगळं अर्ध्या तासात जमिनीवर आलं. भंगारातून त्याने कुठल्याशा जुन्या स्कूटरचं गंजकं साडीगार्ड आणि पायदान शोधलं, दोन नट लावले, एका ठिकाणी तारेने आवळलं. माझ्या वर्षभराच्या कामात ते तेवढं एकच विद्रूप दिसत होतं.

ती बसली. दोन्ही पाय डावीकडे, मांडीवर बॅग, उजवा हात माझ्या खांद्यावर. उतरवलेलं सामान लॉजवर ठेवलं आणि निघालो.

होशंगाबाद ते पिपरिया हा रस्ता सपाट आहे. बाबई, सोहागपूर, दोन्हीकडे शेतं, असं मी सांगू शकतो. त्यापलीकडे मी जे पाहिलं ते खड्डे, ट्रकची मागची बाजू आणि एकदा रस्त्यात बसलेली म्हैस. शुभदा मात्र पहिल्या किलोमीटरपासून बोलायला लागली. शीळ घालणाऱ्या काचेच्या वरून तिचा आवाज यायचा. तूर पिवळी फुलली आहे. एका घराच्या छपरावर खाट आहे आणि खाटेवर बकरी. शाळेच्या व्हरांड्यात पोरांना उन्हात बसवलंय, बाई स्वेटर विणतेय. सोहागपूरला तिने मला थांबवलं. रस्त्याकडेला सुरया रचून ठेवल्या होत्या. तिने तीन वाजवून बघितल्या, एक पसंत केली आणि मग ती न्यायची कुठे हे आठवून परत ठेवली. पेटी असती तर मावली असती, असं मी म्हणालो. म्हणायला नको होतं.

पिपरियात चहा घेताना मी तिची समजूत काढायला गेलो. म्हटलं, एका बाजूने बसल्यामुळे तुला अर्धाच रस्ता दिसतो, त्याचं मला वाईट वाटतं. उजवीकडचं सगळं राहूनच जातं. तिने बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती उत्तर दिशेला बंगालचा उपसागर दाखवणाऱ्या मुलाकडे पाहत असावी. 

मटकुलीनंतर सातपुड्याचा घाट सुरू झाला. चढावर, उजवीकडच्या अगदी तीव्र वळणावर, हॉर्न वाजायचा. घाटात वळणावर हॉर्न द्यावा अशी पाटीच असते, त्यामुळे माझं एक तरी काम कायद्यात बसलं.

पचमढी

पचमढीबद्दल बाकीच्यांनी पुष्कळ लिहिलं आहे; धूपगडचा सूर्यास्त आहे तसाच आहे आणि गर्दीही आहे तशीच. मला आठवतो तो जटाशंकर. खाली गुहेत थंडावा आणि वर दुकानात जडीबुटीच्या मुळ्या. तिथे वर्ध्याकडच्या बायकांचा जथा भेटला. आम्ही मराठीत बोलतोय हे ऐकून त्यातल्या एक आजी सरळ जवळ आल्या. भोपाळहून स्कूटरवर आलो हे कळल्यावर त्यांनी शुभदाच्या हाताला धरलं.

"काहून वं बाई, येवढ्या दुरून फटफटीवर? कंबर नाही गेली का?"

शुभदा म्हणाली, अजून आहे. आजींनी मला नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सांगितलं की त्यांची मिनीबस उद्या पिपरियावरूनच जाते, एक जागा रिकामी आहे, बाईमाणसाला कशाला हाल. शुभदाने त्यांना नको म्हटलं नाही. बघते, म्हणाली. विदर्भ हे माझंच मूळ, आणि माझ्या स्कूटरवर उठलं तेही विदर्भच. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मी ते वांग्याच्या भाजीवर ढकललं.

मला ती स्कूटर का हवी होती हे मी तोपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. नोकरीत असताना मी तिला शहराबाहेर कुठेही नेलं नाही. सुट्टी असायची, पण फाईलही असायची. ती भूगोल शिकवायची आणि मी तिला दरवर्षी उन्हाळ्यात इंदूरच्या गाडीत बसवून द्यायचो. निवृत्तीनंतर स्कूटर घेतली ती या हिशेबाने की आता निदान मागच्या सीटवर तरी तिला सगळीकडे न्यावं. स्कूटर गेली तर मग आम्ही दोघं घरात समोरासमोर बसून टीव्ही बघणार, हे मला दिसत होतं.

बसस्टँड

चौथ्या दिवशी सकाळी मी न बोलता स्कूटर बसस्टँडवर नेली. करार करार असतो. मिनीबसवाल्या आजी आधीच निघून गेल्या होत्या, पण भोपाळची बस लागलेली होती. शुभदा उतरली, पिशवी माझ्याकडे दिली आणि कंडक्टरकडे गेली. मी स्कूटरला टेकून उभा राहिलो. ती त्याच्याशी बोलली. त्याने खिडकीजवळची जागा दाखवली असावी, कारण ती बसमध्ये चढली, आतून एका काचेवर बोट फिरवलं, काच सरकवून पाहिली, आणि बराच वेळ खाली उतरली नाही. इंजिन सुरू झालं.

मग ती उतरली.

खिडकीच्या काचेवर बाहेरून एका शिकवणीवर्गाची जाहिरात चिकटवलेली होती. तिच्यावर छापलेल्या, पहिल्या आलेल्या मुलाच्या गालातून बाहेरचं काहीच दिसत नव्हतं, आणि काच सरकत नव्हती. वर्षभर केलेल्या माझ्या कामाला जे जमलं नाही ते त्या मुलाने केलं, असं मी मनातल्या मनात म्हणालो आणि मोठ्यानेही म्हणालो.

"त्या काचेमुळे नाही आले," शुभदा म्हणाली. "दुसरी खिडकी देत होता तो." तिने पदर खोचला आणि स्कूटरवर बसली. "येताना मी डावीकडचं बघितलं. आता परत जाताना डावीकडे बसले की ती दुसरी बाजू येते. लग्न झाल्यापासून असंच बघते मी. जाताना एक, येताना एक. तुम्हाला वाटतं मी अर्धा रस्ता बघते. अर्धा रस्ता सोडून बसने कशी जाऊ?"

 खांद्यावर हात आला, मग स्कूटर सुरू केली. उजवीकडे वळताना हॉर्न वाजला आणि बसच्या ड्रायव्हरने उगाच उत्तर दिलं.

परत

परतीचा रस्ता मला नवाच वाटला, कारण या वेळी ती दुसऱ्या बाजूचं सांगत होती. एका विहिरीवर चार मोर. रेल्वेफाटकाजवळ बोरं विकणारी बाई, तिच्याकडून बोरं घेतली. सोहागपूरला दुकान आता उजवीकडे होतं. तरी तिने थांबायला लावलं आणि तीच सुरई घेतली. ती तिने मांडीवर धरली, पिशवी माझ्या पायाशी आली.

होशंगाबादला लॉजवर सामान घ्यायला थांबलो. मॅनेजरने माझी पाठीची गादी आपल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीला सुतळीने बांधली होती आणि पेटीत कांदे ठेवले होते. तो ओशाळून उठायला लागला. शुभदाने त्याला बसा म्हटलं, आराम वाटतो का विचारलं. बहोत, तो म्हणाला. माझ्या कामाची ती पहिली प्रामाणिक दाद होती, म्हणून मी दोन्ही वस्तू त्यालाच देऊन टाकल्या.

बुधनीला रस्त्याकडेला लाकडी खेळण्यांची दुकानं आहेत, लाल-पिवळे भोवरे आणि ढकलगाड्या. मी या रस्त्याने नोकरीत असताना कितीतरी वेळा गेलो आहे. ती दुकानं मला शुभदाने दाखवली. ऊन उतरताना कोटऱ्याला पोचलो. मिश्राजी फाटकाशीच होते. त्यांनी आधी साडीकडे पाहिलं, मग पायदानाकडे, आणि समाधानाने आत गेले.

हे सगळं लिहायला बसलो तेव्हा कळलं, माझ्याकडे लिहिण्यासारखं फारसं काही नाही. खड्डे आठवत होते, म्हैस आठवत होती. तूर, बकरी, मोर, शाळेतली स्वेटर विणणारी बाई, हे सगळं मी तिला विचारून लिहिलं आहे.

मागच्या आठवड्यात आम्ही दोघं शकीलभाईंकडे गेलो. या वेळी ती सीटवर बसली, दोन्ही पाय डावीकडे सोडून, आणि मी बाजूला खारट चहा घेऊन उभा राहिलो. शकीलभाईंनी टेप लावली, सीटचा कुठला कोपरा तिला टोचतो ते विचारलं, तिथे खडूने खूण केली. एवढं विचारायला त्यांना एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

"अब कां जा रिये हो, भाभी?" त्यांनी विचारलं.

"होशंगाबाद," शुभदा म्हणाली.

"अभी तो वहीं से आए हो."

"पहले दिन जाते वक्त इनका हेल्मेट देखा था," ती म्हणाली. "उतने रास्ते की एक तरफ बाकी है."

शकीलभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा प्यायलो.